दाराकडून दाबाकडे

८ जानेवारी, दुपार

ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणाला काही झालेलं नाही. मी ठीक, तुझा दादा ठीक, वहिनी ठीक. घरात सगळं छान चाललंय.

मग फोन का नाही केला, पत्र कशाला, असं तुला वाटेल. अगं, फोनची रेघ होते. मी कोणाशी किती वेळ बोललो ते दादाच्या संगणकात जातं आणि त्याची एक वरखाली होणारी रेघ निघते. पत्राची रेघ होत नाही. निदान अजून तरी.

तुझं त्याच्याशी बोलणं नाही, म्हणजे इकडचं तुला काही कळत नसणार. म्हणून पहिल्यापासून लिहितो. तुझी आई गेली तेव्हापासून दादाने माझ्या रेघा काढायला घेतल्या. सकाळी उठल्या उठल्या दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब मोजायचा. मनगटाला दुसरा पट्टा, तो आंघोळीलासुद्धा काढायचा नाही. झोप, नाडी, पावलं, सगळं त्याला कळतं. बाहेरच्या दाराच्या चौकटीला काडेपेटीएवढी पांढरी डबी चिकटवली आहे. दार उघडलं की ती टिपून ठेवते. फ्रिज, टीव्ही, दिवे, सगळं तिकडेच जोडलंय. मी म्हटलं, "अरे, एवढी पाळत चोरावरही ठेवत नाहीत." तर म्हणाला, "अण्णा, आईच्या वेळी आपल्याकडे एकही रेघ नव्हती." यावर काय बोलणार? दंड पुढे केला.

दर रविवारी चहा झाला की तो या सगळ्या रेघा तुम्ही दोघांनी मिळून केलेल्या त्या प्रोग्रॅममध्ये घालतो आणि चित्र काढतो. तू मला एकदा दाखवलं होतंस तसंच. प्रत्येक रेघेचं एक वर्तुळ, आणि वर्तुळांमधून बाण. कालचं 'अमुक' माहीत असलं की आजचं 'तमुक' आधीच सांगता येतं, असं असेल तर अमुककडून तमुककडे बाण. जोर जास्त तर बाण जाड. कोपऱ्यात अजून तुमची दोघांची नावं बारीक अक्षरात येतात, त्याने काढलेली नाहीत.

तर मागच्या महिन्यात 'दार' लिहिलेल्या वर्तुळाकडून 'दाब' लिहिलेल्या वर्तुळाकडे एक बाण आला. लाल, माझ्या अंगठ्याएवढा जाड. दादाने त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "अण्णा, तुम्ही संध्याकाळी बाहेर गेलात की दुसऱ्या दिवशी तुमचा दाब चढतो."

झालं. तेव्हापासून माझं बाहेर जाणं बंद. दाराला आकड्यांचं कुलूप आहे, आतून उघडायलाही आकडे लागतात. ते त्याने बदलले आणि मला सांगितले नाहीत. दोघं कामावर गेली की घरात मी आणि फ्रिज. त्यातला बोलतो तो फ्रिज. मी विचारलं, आग लागली तर? म्हणाला, ऑफिसातून फोनवरून दार उघडेन. आणि तुझा फोन बंद असला तर? तू मीटिंगमध्ये असलास तर? म्हणाला, "अण्णा, या विचारांनीच दाब वाढतो." आता मी सारखा उठून गॅस बघून येतो. बघून आलो की वाटतं, बघताना हात लागून सुरू तर नाही ना झाला? की परत उठतो.

तुला एकच विचारायचंय. बाण चुकतो का कधी? मी सातवीपर्यंत शिकलेला, मला त्यातलं काय कळणार! ज्यांना कळतं अशी दोन माणसं माझ्या ओळखीची आहेत. दोन्ही माझीच पोरं, आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत.

हे पत्र पिशवीत घालून, गॅलरीतून दोरीने खाली सोडणार आहे. पहिलाच मजला आहे. वॉचमन पेटीत टाकेल. उत्तर त्याच्याच नावावर पाठव, पत्ता मागे लिहिलाय.

माझी काळजी करू नकोस. केलीस तरी चालेल.

अण्णा


२३ जानेवारी

ठमे,

उत्तर नाही. पत्र पोचलं की नाही हेही माहीत नाही. पिशवी खाली गेली तेव्हा वॉचमन खालून ओरडला, "काय आजोबा, प्रेमपत्र का?" मी म्हटलं, "हळू बोल, म्हातारी ऐकेल." मग आठवलं, म्हातारी कुठली आता ऐकायला. त्याने पत्र खिशात घातलं ते मी बघितलं. खिशातून पेटीत गेलं का ते कसं कळणार? त्याच्या शर्टाबरोबर धुतलं गेलं असेल तर? म्हणून सगळं परत लिहायला बसलो होतो, पण हात दुखतो. तेव्हा पोचलंय असं धरून चालतो.

दार बंद होऊन बरेच दिवस झाले. दाब काही उतरला नाही. परवाच्या रविवारी दादा टेबलाशी बसला, मी समोर, वहिनी ओट्याशी पाठमोरी भाजी चिरत होती.

दादा म्हणाला, "संध्याकाळची दाराची रेघ आता सपाट झाली आहे. सपाट रेघेतून काही निघत नाही. जुन्या आकड्यांवरच चालवावं लागेल."

मी म्हटलं, "पण दाब तर आजही चढाच आहे की रे."

"उशिराचा परिणाम असेल."

तशी वहिनी वळली. हातात सुरी तशीच. "कोंबडं झाकलंत तरी तांबडं फुटतंयच की!"

"तू यात पडू नकोस."

"मी कशातच पडत नाही. मला कुठे जाता तरी येतंय?"

असं म्हणून तिने भाजी कढईत टाकली. ती काय म्हणाली ते मला नीट कळलं नाही. बायका बोलतात काहीतरी. तू त्यावर विचार करत बसू नकोस.

दादाने मग फोनचं वर्तुळ घातलं. त्याच्याकडूनही दाबाकडे एक बाण आला, केसासारखा बारीक. तरी त्याने माझा फोन घेऊन कपाटात ठेवला. "थोडे दिवस, अण्णा. बघू या." तो वाईट बोलत नाही हं. आवाजही चढवत नाही. माझ्या पायावर पांघरूण घालून जातो. पांघरूण घालून कुलूप लावतो.

मला माझ्या सायकलची घंटी आठवत राहते. तू ही गोष्ट वर्गात सांगतेस असं एकदा म्हणाली होतीस. मी पाणीपुरवठ्यात चावी फिरवायच्या कामावर. टाकीची चावी फिरवली की सायकल काढून वस्तीतून शेवटच्या गल्लीपर्यंत बघत जायचो. मी आधी पोचायचो, पाणी माझ्या मागून. म्हणून गल्लीत माझी घंटी ऐकू आली की बायका बादल्या घेऊन नळाशी धावायच्या. एकदा सुट्टीच्या दिवशी केस कापायला त्याच गल्लीतून निघालो. हात सवयीने घंटीवर गेला. सगळ्या बादल्या बाहेर, आणि नळ कोरडे! काय शिव्या खाल्ल्या त्या दिवशी. एक बाई तर म्हणाली, "घंटी वाजवतोस आणि पाणी देत नाहीस? लाज नाही वाटत?" तू तेव्हा एवढीशी होतीस. तूसुद्धा तुझी लाल बादली घेऊन धावत आलीस. पाणी नाही म्हटल्यावर ती उपडी घालून तीवर बसून राहिलीस. म्हणालीस, घंटी वाजली म्हणजे येईलच.

ही गोष्ट दादाला ऐकवावी असं मनात आलं होतं. पण त्याला ती माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे, ऑफिसात तोही सांगतो. आणि मला तरी कुठे खात्री आहे? बाहेरच्या धुळीने, गाड्यांच्या आवाजाने खरंच दाब चढत असेल तर? कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली असं म्हणून सोडून द्यायचं, आणि उद्या मीच खाली कोसळलो तर? म्हणून गप्प आहे.

संध्याकाळी मात्र घरात बसवत नाही. टीव्हीचा आवाज एवढा की भिंतीवरची तुझ्या आईची तसबीर थरथरते. आधी मी सरळ चपला पायात सरकवायचो आणि बसस्टॉपच्या बाकावर जाऊन बसायचो. आता कुठे जाणार? न्हाणीघरात जाऊन बादलीवर बसतो. पट्ट्याला वाटत असेल, म्हातारा आंघोळ फार करतो.

उत्तर लिही. दोन ओळी लिही.

अण्णा


६ फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र वर आलं. वॉचमनने पिशवीत घातलं आणि मी विहिरीतून पोहरा ओढावा तसं ओढून घेतलं. दोन ओळी लिही म्हटलं तर खरंच दोनच ओळी लिहिल्यास. "अण्णा, टीव्ही कोण मोठा लावतं? तुम्हाला तर त्याचा आवाज सहन होत नाही."

यासाठी का मी पत्र लिहिलं होतं? मी विचारलं, बाण चुकतो का, आणि तू विचारतेस टीव्हीचं! टीव्ही लागतो. लोकांच्या घरात टीव्ही लागतातच.

(जेवून परत लिहायला बसलो.)

बरं, ऐक. तुला सांगतो, पण तुझ्यापाशी ठेव. टीव्ही दादा लावतो. आवाज वहिनी वाढवते. मग दोघं आतल्या खोलीत जातात आणि दार लावतात. हे रोज नाही, अधूनमधून. आठवड्यातून कधी दोनदा, कधी चारदा.

कशावरून भांडतात ते मला कळत नाही. कळू नये म्हणूनच तर टीव्ही. दोनच शब्द आवाजाच्या वर येतात. एक 'बदली' आणि दुसरा 'अण्णा'. पण अण्णा म्हणजे मीच असं कशावरून? जगात अण्णा काय थोडे आहेत?

टीव्हीचा आवाज वाढला की मी बाहेर जायचो. त्यांना मोकळं बोलता यावं म्हणून. बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बस बघायचो, दिवे लागले की परत यायचो. तोवर टीव्ही बंद, ताटं वाढलेली, दोघं माझ्याशी गोड बोलायची आणि एकमेकांशी मुळीच नाही. त्या रात्री झोप नसायची. सकाळी पट्टा बांधला की दाब चढलेला.

आता तूच सांग, हे मी दादाला कसं सांगू? बाबा रे, माझा दाब दाराने नाही, तुमच्या भांडणाने चढतो? तो तेवढंच ऐकेल आणि वहिनीला म्हणेल, बघ, तुझ्यामुळे माझा बाप मरायला टेकलाय. ते लाल टोक मग त्या पोरीकडे वळेल. ती शाईच्या कारखान्यात दिवसभर उभी असते. घरी आली की बोटांना निळं लागलेलं असतं, तशाच हाताने मला आधी चहा देते. मी दार बंद सहन करीन. पण माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाने त्यांचं दार बंद झालं, तर ते मला झेपणार नाही.

म्हणजे बघ, तोंड उघडावं तर घर मोडतं आणि मिटावं तर मी आत. आड आणि विहीर म्हणतात ती हीच. न्हाणीघरातली बादली तेवढी मधे आहे.

तेव्हा तू दादाला काही कळवू नकोस. तुमच्या दोघांचं त्या ओळीवरून बिनसलं, 'बाण म्हणजे कारण नव्हे' असं प्रत्येक चित्राखाली छापायचं तुझं म्हणणं होतं आणि गिऱ्हाइकं बिचकतात म्हणून त्याने ती काढून टाकली, हे मला ठाऊक आहे. त्याचा राग तू माझ्या निमित्ताने काढू नकोस. तुला शपथ आहे. शपथ वगैरे तू मानत नाहीस हेही मला ठाऊक आहे, पण माझ्याकडे दुसरं काय आहे?

अण्णा


१९ फेब्रुवारी

ठमे,

तू त्याला लिहिलंसच.

मला कसं कळलं? रविवारी तो टेबलाशी बसला आणि स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "ठमीची मेल आली आहे." वर्षानंतर तुझं नाव या घरात निघालं. मी कपबशी खाली ठेवली. म्हटलं, आता सगळं बाहेर येणार.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"एवढंच म्हणते की टीव्हीच्या आवाजाची रेघ घालून बघ."

बाकी काही नाही? नाही. म्हणजे शपथ मानत नसलीस तरी थोडीफार पाळलीस. पण मला आधी सांगायचं होतंस. माझी छाती कशी धडधडत होती! पट्ट्याला विचार.

टीव्हीचा आवाज कोणत्या दिवशी किती होता तेही कुठेतरी साठत असतं, हे मला कुठे माहीत? त्याने ते काढलं, नवं वर्तुळ आलं, 'टीव्ही'. मग चित्र पुन्हा निघायला लागलं. वहिनी ओट्याशीच होती. तिचा हात थांबला होता.

टीव्हीकडून दाराकडे बाण आला. टीव्हीकडून दाबाकडे बाण आला, जाड. आणि दाराकडून दाबाकडे जो लाल बाण होता, ज्याने मला इतके दिवस कोंडून ठेवलं, तो गेला. पुसट झाला असं नाही. गेलाच. टीव्ही घातल्यावर दाराकडे वेगळं सांगायला काही उरलंच नाही. मी चष्मा पुसून परत बघितलं.

दादा मागे रेलला. मला वाटलं, कळलं याला. मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही संध्याकाळी टीव्ही एवढा मोठा लावता?"

ठमे, मी तुला काय सांगू! टीव्ही तो स्वतः लावतो. त्याच हाताने. पण समोर वर्तुळ आलं, वर्तुळावर नाव आलं, की त्या वर्तुळामागे आपण उभे आहोत हे माणसाला दिसत नाही. का त्याला दिसलं आणि बघायचं नव्हतं? मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मला कळलं नाही.

वहिनीच्या पाठीकडे बघितलं. ती पाठ इतकी ताठ झाली होती की हात लावला असता तर मोडली असती.

मी म्हटलं, "हो रे. हल्ली कमी ऐकू येतं."

"मग सांगायचं नाही का? कानाचं यंत्र आणू. तोवर टीव्ही बंद."

त्याने वायर काढली, गुंडाळली आणि कपाटात माझ्या फोनशेजारी ठेवली. वहिनी हात पुसून आत गेली. दार तिने आपटलं नाही. हळूच लावलं. ते जास्त वाईट.

पण माझं दार उघडलं! बाणच नाही म्हटल्यावर अडवायचं कशाला? त्याने मला कुलपाचे आकडे सांगितले. तुझ्या आईची जन्मतारीख आहे. एवढे दिवस मी त्या कुलपासमोर उभा राहून मनात येईल ते दाबून बघत होतो. हे काही मला सुचलं नाही.

संध्याकाळी चपला घालून जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो. का ते पुढच्या खेपेस लिहीन. हात भरून आलाय.

अण्णा


२ मार्च

ठमे,

परत का आलो ते सांगतो. टीव्ही बंद झाल्यापासून ती दोघं घरात भांडत नाहीत. कामावरून येतात, गाडी खाली गॅलरीसमोर उभी करतात, काचा वर करतात आणि आतच बसून राहतात. जिना उतरलं की गाडी समोर. बसस्टॉपकडे जायचं तर तिच्या नाकासमोरून जावं लागतं. दार उघडं आहे आणि मी गॅलरीत उभा आहे. वरून त्यांचे हात तेवढे दिसतात. वहिनीची निळी बोटं समोरच्या फळीवर आपटतात. दादाचे दोन्ही हात चाकावर असतात, जणू गाडी चाललीच आहे. आवाज अजिबात येत नाही. टीव्ही बरा होता.

दाब तसाच. टीव्हीची रेघही आता सपाट, त्यामुळे चित्रात दाबाचं वर्तुळ एकटंच उभं आहे, कुठूनही बाण नाही. दादा रडकुंडीला आलाय. चहा, मीठ, हवा, चंद्रसुद्धा घालून बघतो म्हणाला. मी म्हटलं, "चंद्राला तेवढं कोंडू नकोस." हसला नाही.

मंगळवारी वहिनी एकटीच लवकर घरी आली. मी चहा ठेवत होतो. तिने माझ्या हातातून पातेलं घेतलं आणि म्हणाली, "अण्णा, टीव्ही तुम्ही नव्हता लावत."

"नव्हतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

ती हसली. मग ओट्याला टेकून रडली. कारखान्याचा नवा विभाग दुसऱ्या गावी निघतोय आणि त्याची प्रमुख म्हणून तिला बोलावलंय. बदली म्हणजे ती. मार्चअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. दादा म्हणतो, अण्णांना या वयात हलवलं तर काही होईल. ती म्हणते, अण्णांना विचारलंय का? तो म्हणतो, विचारलं तरी दाब वाढेल. म्हणून इतके महिने मला कोणी विचारलं नाही. म्हणजे बाण कुठून निघालाय बघ. माझ्या दाबाच्या भीतीने भांडण, भांडणाने दाब, दाबाने परत भीती. तुमच्या चित्रात असा गोल फिरून स्वतःलाच टोचणारा बाण असतो का?

काल संध्याकाळी गाडी खाली थांबली. काचा वर गेल्या. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग तुझ्या आईची तारीख दाबून दार उघडलं, कठड्याला धरून उतरलो आणि दादाच्या काचेवर टकटक केली. त्याने घाबरून काच खाली केली.

"काय झालं? छातीत दुखतंय?"

"मागचं दार उघड."

मी मागे बसलो. दार लावून घेतलं. आत फार उकडत होतं. दोघांनीही मागे वळून बघितलं नाही. आरशात दादाचे डोळे दिसत होते.

"अण्णा, तुम्ही वर जा. दाब वाढेल."

"वाढू दे. निदान कशाने वाढला ते तरी आज कळेल."

वहिनी फस्सकन हसली आणि तिने तोंडावर हात दाबला. गालाला शाई लागली. दादा चाकावर डोकं टेकून बसला. मला वाटलं, आता भडकणार. तर तसाच, मान न उचलता म्हणाला, "तो टीव्ही मीच लावत होतो. मला माहीत होतं, अण्णा. त्या रविवारी चित्र आलं तेव्हाच कळलं होतं."

"मग मला का विचारलंस?"

"तुम्ही 'नाही' म्हणाल असं वाटलं होतं."

बघ, म्हणजे तोही दार उघडायची वाटच बघत होता, आणि मी माझ्या शहाणपणाने ते ओढून घेतलं. तिघेही कोंडलेले आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण दुसऱ्याला जपतोय.

मी वहिनीला म्हटलं, "ती जागा घे." ती म्हणाली, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, "मला विचारलंस ना, पुष्कळ झालं. उत्तराला वेळ दे." बराच वेळ आम्ही तिघं तशा बंद गाडीत बसून राहिलो, कुठे जायचं हे न ठरलेली सवारी असावी तसे. वॉचमन दोनदा येऊन डोकावून गेला. शेवटी वहिनीने सगळ्या काचा खाली केल्या.

आज सकाळी दाब मोजला. चढलेलाच आहे. दादाने आकडा लिहून घेतला आणि पहिल्यांदाच मला विचारलं, "रात्री झोप लागली का?" पट्ट्याला ठाऊक असून विचारलं. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मलाही नाही.

आणखी एक. आजच्या चित्राखाली एक बारीक ओळ आली आहे. माझ्या चष्म्यातून वाचता येईना. दादाला विचारलं, ही काय नवीन? म्हणाला, "नवीन नाही. जुनीच आहे." आणि संगणक मिटून आंघोळीला गेला. माझा फोन त्याने टेबलावर ठेवलाय. त्याचाही तिथेच आहे. तुझा नंबर काढून ठेवलेला दिसतो, लावलेला नाही. तो लावेल का, सांगता येत नाही. तो तुझाच भाऊ आहे.

मार्चअखेर काही लांब नाही. त्यांच्याबरोबर जावं तर नव्या गावी पुन्हा डब्या, पुन्हा पट्टे. इथे एकट्याने राहावं तर गॅस. तुझ्याकडे यावं असं मनात आलं, पण तू कधी म्हणाली नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. हे घर असंच आहे, कोणी कोणाला विचारत नाही. काल गाडीत एकदा जमलं, म्हणून आज विचारतो. तू येशील का? मला न्यायला म्हणत नाही. आधी नुसती ये. टेबलाशी बस, चित्र बघ, दादाशी भांड. पण मोठ्याने भांड, टीव्ही न लावता.

हे पत्र पिशवीतून सोडणार नाही. स्वतः जाऊन कोपऱ्यावरच्या पेटीत टाकणार आहे. दार उघडेल तेव्हा डबीत नोंद होईल. होऊ दे.

घंटी वाजली म्हणून पाणी येत नाही, हे आता मलाही कळलंय. पण ठमे, मी वाजवतोय. बादली घेऊन ये.

अण्णा